साळ्यानं धरायची शिंगं

मेजर इंद्रजीत राठोडच्या अंगावर दोन वण होते. एक भुवईवर, पांढरकवड्याच्या ढाब्यावर बारावीत असताना फुटलेल्या बाटलीचा. दुसरा मांडीत, काश्मिरातल्या गोळीचा. ती गोळी ज्या फौजी डॉक्टरीणबाईनं काढली, तिच्याशीच त्यानं लग्न ठरवलं. तिसरा वण लग्नातला. तो दिसत नसे, ठणके मात्र रोज.

डॉक्टर रुपाली निघाली चिंचगडच्या राजाची लेक. राजे म्हणजे काय, तर आजूबाजूची गावं अजून मुजरा करत. बाकी जीपला स्टेपनी नव्हती अन् युवराज कपिलला अक्कल.

लग्नात इंद्रजीतचा बाप धरमसिंग, तांड्यावरचा जुना ट्रक ड्रायव्हर, दमून गढीच्या वरच्या पायरीवर टेकला. ती पायरी युवराजाची. कपिलनं बार उडवायला आणलेल्या बंदुकीचा दस्ता म्हाताऱ्याच्या तोंडावर हाणला. पुढचे चार दात पायरीवर सांडले. इंद्रजीत मुंडावळ्या तोडत उठला, तर बापानं रक्ताळल्या हातानं त्याचा हात धरला.

"लगीन लाव बेटा. दात काय, येतीन."

साठीनंतर दात येत नाहीत, हे मेजरला ठाऊक होतं. तरी तो बसला.

मग दसरा आला. गढीची रीत अशी, की पहिल्या दसऱ्याला नव्या जावयानं देवीपुढं बोकड तोडायचा, अन् साळ्यानं समोर बसून शिंगं धरून मान ताणायची. साळ्याची मनगटं पात्यापासून वीतभर. घराचा जावयावर भरवसा आहे, हे गावानं पाहायचं. शिंगं सोडली तर साळ्याची पायरी गेली. ती जावयाच्या बापाची.

सकाळी इंद्रजीत तलवार दगडावर घासत होता.

"काय करून राह्यला?" रुपालीनं विचारलं.

"धार लावतो."

"बोकडासाठी एवढी?"

तो घासत राहिला. तिनं दगड उचलून नेला, पण धार व्हायची ती झाली होती.

देवीपुढं कपिल हात पुढं करून बसला. शिंगं मात्र धरेना.

"युवराज, बांगड्या भराले बसले काय?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

कपिल हळूच म्हणाला, "जवाईबापू, लग्नातलं मनात ठेवू नका."

"शिंगं धरा, साळेसाहेब."

तलवार वर गेली तेव्हा इंद्रजीतची नजर मनगटांवर होती. कपिलनं ती पाहिली. पातं खाली येताना इंद्रजीतला बापाचं ते 'येतीन' आठवलं अन् त्यानं घाव मानेकडं वळवला. पण तोवर कपिलनं शिंगं सोडून कोलांटी मारली होती. बोकड हिसका मारून सुटला, अर्धवट कापल्या मानेनं चिळकांड्या उडवत माणसांत घुसला. कोणाचं पातळ लाल, कोणाचं लेकरू लाल, राजेसाहेबांचा फेटाही लाल. इंद्रजीतनं त्याला पायरीजवळ गाठलं अन् दुसऱ्या घावात मुंडकं वेगळं केलं. मग तलवार फेकून तिथंच ओकला. परातीत रक्त धरणाऱ्यांनी तोंड फिरवलं.

कपिल आपली बोटं चाचपत होता. सगळी जागेवर होती.

"शिंगं सुटली," फेटा पुसत राजेसाहेब म्हणाले. "व्याहीबुवा, वर या. कपिल, विचार त्यायले, काय खातीन."

धरमसिंग वरच्या पायरीवर ऐसपैस बसला. कपिल मान खाली घालून उभा राहिला. "काय वाढू?"

"मटण तुमीच खा, बाबू," म्हातारा बोळक्यानं हसला. "मले त्या परातीतल्या रक्ताची सळोई शिजवा, आमच्या तांड्यावर करतेत तशी. तिले दात लागत नाही."