कुठल्याच कपाटाला न लागणारी चावी

आई गेल्याचं मला तळघरात कळलं. मार्चमधला रविवार होता. मी मशीनमधले ओले कपडे काढत होते आणि तिथे फोनला रेंज नसते, म्हणून मंदार स्वतः खाली आला. तिसऱ्या पायरीवर थांबून म्हणाला, "मेधा, नाशिकहून ताईचा फोन होता. आई गेली... सकाळचा चहा घेतला आणि खुर्चीतच." मी त्याच्याकडे बघायच्या आधी बॉयलरच्या काट्याकडे बघितलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. काटा कुंकवाच्या ठिपक्यावर होता. मग मी रडले.

आई म्हणजे मंदारची आई, माझ्या सासूबाई. नाशिकच्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना जाऊन आता सात आठवडे झाले. मी हे लिहायला बसले आहे ते मन हलकं करायला नाही, भांडायला. तेराव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर नात्यातल्या एक काकू मला नीट ऐकू जाईल इतक्या 'हळू' आवाजात म्हणाल्या, "सून तिकडे ऑफिसात, आणि ही म्हातारी तळघरात बॉयलर सांभाळायची. थंडीनंच घेतला तिचा जीव." माझ्या नणंदबाई, सुनीताताई, समोरच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं मला काकूंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी मी गप्प राहिले. पण काकूंची गोष्ट एव्हाना सगळ्या नात्यागोत्यात फिरली आहे, त्यामुळे आता खरी गोष्ट ऐकून घ्या.

सासरे गेले त्या वर्षी डिसेंबरात आई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. जर्मनीत वाल्डॉर्फजवळच्या एका गावात आम्ही नुकतंच जुनं घर घेतलं होतं. घराबरोबर तळघरातली हायत्सुंगही आली होती. म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते घरभर भिंतींना लावलेल्या, खोल्या गरम ठेवणाऱ्या अकरा रेडिएटरमध्ये फिरवणारा बॉयलर. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. यंत्र बंद करून परत चालू करणं, याच्या पुढे आमची अक्कल जात नव्हती. वरच्या मजल्यावरचे रेडिएटर गुळगुळ वाजायला लागले, गरम होईनात. आत हवा साठलीय, एवढं मला व्हिडिओ बघून समजलं. मग मी ती छोटी चौकोनी भोकाची चावी घेतली, अकराच्या अकरा रेडिएटरमधली हवा काढली आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. तासाभरात बॉयलरच बंद पडला. बाहेर उणे सात, नाताळचा आदला दिवस, आणि मेकॅनिकच्या फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज सांगत होता की सुट्टीनंतर फोन करा.

आई शाल गुंडाळून खाली आल्या. मंदार म्हणाला, "आई, तू कशाला इथे?" त्याच्याकडे लक्षच न देता त्यांनी मला विचारलं, "दाब कुठं दिसतो याचा?" गोल काचेतला काटा पार तळाशी गेला होता. "हवा काढलीस ना? मग तिच्या जागी पाणी भरलंस का?" मी नकारार्थी मान हलवली. "मग कसा चालेल बिचारा? रक्तदाब पडलाय त्याचा. सलाईन लावायचं कुठून?" मी रबरी नळी नळाला जोडली आणि दुसरं टोक बॉयलरला लावणार तेवढ्यात त्या ओरडल्या, "थांब! आधी नळीतली हवा काढ. पेशंटला अशीच लावशील का?" मी नळी बादलीवर धरली. त्यातून अखंड धार लागल्यावर त्यांनी मानेनं परवानगी दिली. काटा हळूहळू दीडवर चढला आणि बॉयलर पेटला. आईंनी जन्मभर ऑटोक्लेव्ह चालवलेला, ऑपरेशनची अवजारं वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणारं ते यंत्र. त्यांच्या दृष्टीनं हा त्याचाच थोडा मंद भाऊ होता. सासरे गेल्यापासून पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर ड्यूटीवर निघालेली बाई दिसली.

तेव्हापासून त्या दर वर्षी हिवाळ्यातच यायच्या. इथे सगळ्यांचे आईवडील मे-जूनमध्ये येतात, स्ट्रॉबेऱ्या खातात, तळ्याकाठी फोटो काढून परत जातात. व्हिसा नव्वद दिवसांचा, तो थंडीत कशाला घालवायचा? आईंना हे सांगून पाहिलं. "उन्हाळ्यात येऊन काय करू? तो झोपलेला असतो," म्हणाल्या. नवरात्रात यायच्या, संक्रांतीच्या आत परतायच्या. खंडेनवमीला लोक हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. आई पाना, नळी आणि बॉयलर तिघांची करायच्या, आणि काट्याच्या काचेवर बरोबर दीडच्या आकड्याशी कुंकवाचा ठिपका लावायच्या. माझी मुलगी इरा हसायची, "आजी, डास इस्ट नुअर आइने हायत्सुंग!" मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "नुसती हायत्सुंग? मग तुला रोज आंघोळीला गरम पाणी कोण देतं गं?" आजी जर्मन कधी शिकली नाही, तरी त्या दोघींचं भांडण छान चालायचं.

एका वर्षी काटा दर आठवड्याला ठिपक्याखाली उतरायला लागला. मेकॅनिक हेर लांग (हेर म्हणजे आपलं श्रीयुत) येऊन सांगून गेला की बॉयलर म्हातारा झालाय, नवा घ्या. मंदार तयारच होता. आई उसळल्या. "पेशंट म्हातारा आहे म्हणून मारून टाकायचा का? आधी रक्त कुठून जातंय ते शोधा!" त्यांनी प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही सांध्यांखाली टिश्यूपेपरची कोरडी घडी ठेवली, बावीस घड्या, थिएटरमध्ये रक्त टिपायचे गॉज मोजायच्या तशा मोजून. दुसऱ्या दिवशी सगळ्या परत गोळा केल्या. इराच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटामागची एकच ओली निघाली. हेर लांगनं दहा मिनिटांत तो व्हॉल्व्ह बदलला आणि म्हणाला, "रेस्पेक्ट!" त्यानंतर तो घरात आला की आधी आईंशी हात मिळवायचा, मग आमच्याशी. तो बॉयलर अजून चालतोय.

आणि हो, मी त्यांना अडवलं नाही असंही नाही. गेल्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली तेव्हा मी म्हणाले, "आई, पायऱ्या उभ्या आहेत. तुम्ही आता खाली जाऊ नका." दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मेधा, वर बसून मी काय करते माहितीये? तुमची वाट बघते. तिघंही याल तेव्हा याल. खाली गेलं की मला कुणीतरी विचारतं..." मी दुसऱ्या दिवशी जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा लावून घेतला. सुनेनं केलेला छळ म्हणतात तो एवढाच.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी नाशिकला सुनीताताईंनी आईंचं कपाट आवरायला काढलं. आईंच्या चाव्यांच्या जुडग्यात एक पितळी, बुटकी चावी होती. ती कुठल्याच कपाटाला लागेना. ट्रंकेला नाही, देवघराच्या कप्प्याला नाही. काकूंचे डोळे चमकले, "लॉकरची असेल. काहीतरी ठेवलेलं दिसतंय वहिनींनी." चावी या हातातून त्या हातात फिरत माझ्यापर्यंत आली. मी लगेच ओळखली. आम्हाला वाटायचं, हरवली म्हणून. इथल्या दुकानात दुसरी सहज मिळते, तशी आम्ही घेतलीही होती.

"ही माझ्या घरची आहे," मी म्हणाले. "रेडिएटरमधली हवा काढायची. दर वर्षी जाताना त्या बरोबर न्यायच्या वाटतं... मी पुन्हा पाणी न भरता हवा काढू नये म्हणून." मग काकूंकडे वळून विचारलं, "जिला जबरदस्तीनं राबवलं, ती बाई त्या कामाची चावी आपल्या घरच्या चाव्यांत ओवून ठेवते का हो?" सुनीताताईंनी जुडग्याची कडी नखानं उघडली, चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घेऊन जा," म्हणाल्या, "तिकडे बंद पडेल." त्यांचे डोळे भरून आले होते.

गेल्या आठवड्यात इथे पुन्हा थंडी पडली आणि इराच्या खोलीतला रेडिएटर गुळगुळायला लागला. मी ती चावी घेऊन वर गेले. फुस्स करून हवा गेली, पाण्याचा थेंब आला, बंद केलं. मग खाली जाऊन काटा बघितला. ठिपका आता फिकट झालाय, पण दिसतो. काटा त्याच्या खाली होता. नळी बादलीवर धरली, धार अखंड होईपर्यंत थांबले, आणि मग जोडली. काटा ठिपक्यावर आला तशी मी सवयीनं मागे वळले, परवानगीसाठी. पायऱ्या रिकाम्या होत्या. चावी मी बॉयलरशेजारच्या खिळ्याला अडकवली.

पुढेही कोणीतरी विचारेलच, म्हातारीला तळघरात का पाठवलंत म्हणून. त्यांना माझं उत्तर तयार आहे. मी त्यांना पाठवलं नव्हतं. मी अडवलं होतं, आणि त्यांनी माझं ऐकलं नव्हतं.