अँतिबचं कार्ड

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कतारला वेल्डर होतो. आमचा फ्रेंच फोरमन रजेवरून आला तो सगळ्यांना स्वतःच्या गावाची चित्रकार्डं वाटत. अँतिब! ग्रीकांनी वसवलेलं बंदर, असं तो ऐटीत सांगे, जणू पहिला दगड ह्यानंच ठेवला होता. कार्डावर निळं पाणी, शिडाच्या होड्या आणि हौसेनं उन्हात पडलेली उघडी माणसं. आमच्याकडे बांगडे वाळत घालतात तशी. मी ते पत्रासोबत मालवणला धाडलं, पण कुठलं ते लिहायचं राहिलं. आईनं तेच माझं कतार समजून वाडीभर मिरवलं. दोन वर्षांनी मी उन्हानं कोळसा होऊन दारात उभा राहिलो. आईनं मला खालपासून वर न्याहाळलं आणि कडाडली, “मेल्या, लोळूचाच होता तर सावलेत लोळाक काय झाला होता तुका?”