गुनवोरचे दोन कान

बेटावरच्या रेडिओ ठाण्यात गुनवोर हेडफोन चढवून बसली की डाव्या कानात मच्छीमारांचं बोलणं आणि उजव्या कानात संकटाची लाइन, दोन्ही एकदम सुरू. माणसाला एका वेळी एकच बोलणं धड कळतं. दुसरं नळाच्या पाण्यासारखं वाहून जातं. पण त्यातून आपलं नाव आलं की मान आपसूक वळते. होड्यांवरच्या गड्यांनी हे ओळखलेलं. ठाण्याचं नाव सोडून ते सरळ "गुनवोर, गुनवोर" करत.

घरोघरी चुलीजवळ रेडिओ, सगळं गाव ऐकायचं. तिचा नवरा आयलिफही दर्यावर जाणारा. त्याला ते झोंबायचं.

"समद्या दर्याची बायकू झालीस व्हय गं?" बटाटा सोलता सोलता तो म्हणाला. "ठाण्याला नाव हाय की. त्येच घ्याया सांग."

"माझं नाव घेत्यात म्हणून ऐकू येतं."

"मंग कान धू."

रोजची कटकट नको म्हणून तिनं सगळ्यांना तसं बजावलं.

फेब्रुवारीत वारं उठलं. म्हातारा टोरलाइफ डाव्या कानात तुटल्या जाळ्याचा ठावठिकाणा सांगत होता, ती लिहीत होती. उजव्या कानात खरखर.

"गुनवोर!"

तिचा हात थांबला. आवाज आयलिफचा.

"कवाधरनं ठाण्याच्या नावानं वरडतूय. पानी इंजिनात शिरलंय."

तिनं जागा विचारून घेतली, बचावाची होडी सोडली. मग उजव्या कानातला आवाजच गेला. खिडकीतून दर्या दिसला असता, पण हेडफोनची वायर तिथवर पुरत नव्हती. पाळी बदलायला संध्याकाळ होणार होती.

"लिवतीस न्हवं?" टोरलाइफ डाव्या कानात.

"लिवतीया. सांगा म्होरं."

उजेड सरता सरता बचाववाले बोलले: आयलिफ आणि त्याचा गडी, दोघांनाही काढलं, होडी बुडाली.

घरी आयलिफ घोंगडी पांघरून चुलीपाशी बसलेला.

"पयल्या हाका ऐकल्याच न्हाईस?"

"न्हाई. टोरलाइफचं जाळं ऐकत व्हते."

त्यानं चुलीत एक लाकूड सारलं. "मंग सांग त्यास्नी. पयल्यावानी नाव घ्या म्हनावं."

"म्या का सांगू? उद्या ठाण्यावर ये, माईक हातात देते, तूच सांग. समदं गाव ऐकंल."

आयलिफनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

सकाळी ती एकटीच ठाण्यावर गेली. खुर्चीत बसली, हेडफोन चढवला, आणि उजव्या कानातल्या खरखरीत कुणी ठाण्याचं नाव घेतंय का, ते शोधत राहिली.