रफिकभाईच्या शोरूमचा नवा बोर्ड

मित्रांनो, आज दिग्रसमधी मन पार खट्टू झालं. डिझाइनचं काम करणाऱ्यायनं तरी वाचा.

रफिकभाईचं चपला-बुटाचं दुकान आहे. त्यायचं व्हिजिटिंग कार्ड, ईदचे बॅनर, पोरीच्या लग्नाची पत्रिका, सारं इतकी वर्षं मीच करून राह्यलो. भाव कधी सांगतला नाही. "तुमच्या मनानं द्या" म्हणायचो. मले वाटे, अशानंच गिऱ्हाईक टिकते.

आज तिकडं गेलतो, तं त्यायच्या नवीन शोरूमवर बोर्ड चढवून राह्यले होते. नागपूरच्या डिझाइनरनं केलेला.

"मले काहून नाही सांगतलं, भाई?"

ते सरळ मनानं बोलले, "अरे, त्यानं फोनवरच भाव सांगतला. मले वाटलं, हा मोठ्या कामाचा माणूस असन. तू तं घरचा आहे."

मंग चहा मागवला अन् म्हणाले, "उद्घाटनाची पत्रिका मात्र तूच कर. काय घेशीन?"

पहिल्यांदाच त्यायनं मले भाव विचारला. आकडा जिभेवर आलता.

"तुमच्या मनानं द्या," मी म्हटलं.

आता ते पत्रिकाच करत बसलो. जुन्या गिऱ्हाइकाले भाव सांगणं तुमच्यापैकी कोणाले जमलं काय? मले तं आता जमन असं वाटत नाही.