कोरा कागद आणि सहाशे चाळीस फायली

माझी मावशी एकतीस वर्षं टायपिस्ट होती आणि माउसला ती आजही हात लावत नाही. दहा बोटं असताना एकाच बोटानं टिचक्या मारायच्या, यात तिला अपमान वाटतो. म्हणून मी तिला कॉम्प्युटरवरची काळी खिडकी उघडून दिली, जिथे सगळा कारभार टाइप करूनच चालतो. बाई हरखूनच गेली.

काम मात्र जिव्हाळ्याचं होतं. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, अंधांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचायचे. काका गेले, पण त्यांचा आवाज एका वेबसाइटवर राहिला, सहाशे चाळीस फायलींमध्ये. ती साइट शुक्रवारी संध्याकाळी पाचला कायमची बंद होणार होती.

"प्रत्येक पत्त्यात फक्त आकडा बदलतो," मी समजावलं. "पत्त्यांची यादी दिली की कमांड एकेक फाईल आपोआप उतरवून घेते. यादीसुद्धा कॉम्प्युटरच..."

माझं वाक्य संपायच्या आत टकटक सुरू झाली होती. सहाशे चाळीस ओळी पठ्ठीनं हातानं टाइप केल्या. एक चूक सापडेल तर शपथ!

गुरुवारी सकाळी तिनं एंटर दाबलं. फायलींची नावं भराभर वर सरकायला लागली. "अगं, हे माझ्यापेक्षा जोरात टाइप करतंय!" म्हणून ती टाळ्या पिटत होती. मी निर्धास्त होऊन ऑफिसला गेले.

शुक्रवारी दुपारी तीनला परत आले, तर फोल्डरमध्ये तीनशे पाच फायली.

"मावशी, बाकीच्या कुठे गेल्या?"

"पुसल्या की. नेट गेलं, एक अर्धवट राहिली. मग कोरा कागद घातला."

तिच्या ऑफिसात एक अक्षर चुकलं की कागद कार्बनसकट ओढून काढायचा आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. नेट पाच वेळा गेलं. पाचही वेळा मावशीनं अख्खा फोल्डर रिकामा केला होता. एकदा तर सहाशे बारा फायली झाल्या होत्या!

मी कपाळावर हात मारला. "अगं, कमांडमध्ये एक आडवी रेघ आणि सी हे अक्षर घातलं की तुटलं तिथूनच पुढे चालू होतं."

"अर्धवट काम मी साहेबांपुढे कधी ठेवलं नाही!" असं म्हणत तिनं ते फणकाऱ्यानं टाइप केलं.

चारला नेट पुन्हा गेलं. तिचा हात फोल्डर पुसायला निघाला, तो मी दोन्ही हातांनी धरून ठेवला. दहा मिनिटांनी नेट आलं, कमांड पुन्हा चालवली आणि अर्धी फाईल पुरी झाली.

"अय्या! जोडसुद्धा दिसत नाही!" मावशी खुर्चीतल्या खुर्चीत नाचायला लागली. मीही नाचले. पाचला सात मिनिटं कमी असताना शेवटची फाईल उतरली.

"लाव, लाव एखादी!"

मी मधलीच एक लावली. काका रंगात येऊन वाचत होते. मग अडखळले, खोकले. "माफ करा, चुकलो. इथूनच पुढे वाचतो."

"आणि मी यांना पाच वेळा पुसलं गं," मावशी म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली.