दोन शून्यं आणि इटलीचे मास्तर

पुस्तकांना पिवळे ठिपके लावून झाले होते आणि ट्रक मंगळवारी येणार होता. ठिपका लागलेलं पुस्तक रद्दीत जातं. एडमंटनच्या आमच्या लायब्ररीत या कामाला वीडिंग म्हणतात. वाफ्यातलं तण उपटावं तशी कोणी न वाचणारी पुस्तकं काढायची. कुठली काढायची ते रिपोर्ट सांगतो. यादीवर सही माझी.

२०१७च्या त्या यादीत एकाच इटालियन लेखकाची एकतीस पुस्तकं होती, सगळी मुलांसाठी लिहिलेली. दोन वर्षांत एकही कोणी घरी नेलं नव्हतं, इथे बसूनही वाचलं नव्हतं. प्रत्येकापुढे दोन शून्यं. मी आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई. सही केली.

शनिवारी सकाळी लुचिया माझ्या डेस्कशी आली. दर शनिवारी चार-पाच इटालियन आज्या नातवंडांना घेऊन मुलांच्या कोपऱ्यात बसतात, त्यांची ही म्होरकी. नऊ पुस्तकं जागेवर नव्हती, ती आधीच्या ट्रकमधून गेली होती. उरलेल्यांवर ठिपके. मी तिला समजावलं, की ही कोणी वाचत नाही.

"कोणी म्हणजे? आम्ही कोणी नाही का?"

मग ती बोलतच राहिली. हा लेखक तिच्या डोंगराळ गावात शाळामास्तर होता. खाणकामगारांची मुलं घरी गावची बोली बोलायची, पुस्तकातली इटालियन त्यांना परकी. म्हणून त्याने स्वतःच सोप्या भाषेत गोष्टी लिहिल्या. प्रत्येक प्रकरण आधी वर्गात वाचून दाखवायचा. मुलं जिथे जांभई देतील ती ओळ खोडायचा. पुढे ही पुस्तकं सगळ्या इटलीत गेली, तरी तो त्याच वर्गात शिकवत राहिला. लुचिया त्याच्याकडेच वाचायला शिकली. तिची नात आता तिला इंग्रजीतच उत्तरं देते. फक्त या गोष्टी वाचताना इटालियन बोलते.

माझी मुलंही मला इंग्रजीतच उत्तरं देतात.

मग हे वाचन रिपोर्टमध्ये का नाही? वाचून टेबलावर ठेवलेली पुस्तकं आमचा स्टाफ संध्याकाळी स्कॅन करतो, तोच इथल्या वाचनाचा आकडा. मी विचारलं, "वाचून झाल्यावर पुस्तकं कुठे ठेवता?"

"जागेवर, नंबर बघून. मास्तर दुसरं काही चालवून घेत नसत."

"टेबलावरच ठेवा असा बोर्ड आहे."

"तो आम्हाला वाटलं बेशिस्त लोकांसाठी आहे."

सोमवारी मी मॅनेजर ब्रेंडाकडे गेले आणि यादी थांबवायला सांगितली. ती म्हणाली, डेटा इज डेटा. चार आज्यांसाठी रिपोर्ट बदलायचा का? मी पॉलिसीचं पान समोर ठेवलं. इथलं वाचन मोजायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"बोर्ड लावला होता ना आपण?" ती म्हणाली.

"बोर्ड लावला म्हणजे मोजलं?"

"नऊ तर गेलीच. उरलेल्यांसाठी एवढं काय?"

या वाक्याचा राग मला अजून आहे. आपण नऊ चुका केल्या म्हणून उरलेल्या बावीसही करून टाकायच्या. आणि चुकीचा आकडा दोन वर्षं दुरुस्त न करणाऱ्या आम्ही पगारी बायका निर्दोष, तर पुस्तकं नीट जागेवर ठेवणाऱ्या त्या म्हाताऱ्या दोषी. मी यादी ओढली आणि माझी सही खोडली. सहीशिवाय ट्रकमध्ये काही चढत नाही. ब्रेंडाने माझ्या फाइलमध्ये मेमो लावला: प्रोसीजर पाळली नाही. यादीवर आधी डोळे झाकून सही केली, त्याबद्दल मेमो नव्हता.

बावीस पुस्तकं राहिली. लुचिया ज्यावर वाचायला शिकली ते पुस्तक त्यांत नव्हतं. ते गेलेल्या नऊमध्ये होतं. शनिवारी मीच तिला सांगितलं. तिने मान हलवली, दुसरं काढलं आणि नातीला वाचायला दिलं.

तेव्हापासून शून्य दिसलं की सही करण्याआधी मी त्या शेल्फपाशी एक सकाळ बसते. टाइमशीटमध्ये या कामाला रकाना नाही, म्हणून रजा टाकून बसते.