न वाचलेली अकरा पानं

त्या पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. तपकिरी कागदाचं वेष्टन घातलेलं आणि आतली पानं हाताळून मऊ पडलेली. आमच्या यजमानांनी ते टेंभी नाक्याजवळच्या वाचनालयातून आणलं होतं. रहस्यकथा होती ती. ओसाड समुद्रकिनारा, झाड म्हणून नाही, नुसती वाळू आणि वारा. तिथल्या एका बंगल्यात तीन अनोळखी माणसं उतरतात. एक हात गेलेला डॉक्टर, दारूत बुडालेला खलाशी आणि चेहरा भाजलेली बाई. तिघांचंही मागे काहीतरी बिनसलेलं. आणि त्याच आठवड्यात जवळच्या वाडीतली एक मुलगी नाहीशी होते. बास, मग कोणी काय केलं त्याचा शोध.

मी शाळेत गेले नाही. माहेरी वडील पोथी वाचायचे, त्यांच्या बोटाखालून सरकणारी अक्षरं बघत बघत मी शिकले. त्यामुळे मला वाचायची एकच तऱ्हा माहीत, मोठ्यानं आणि कुणाला तरी ऐकवत. ऐकायला कोण, तर शेजारच्या खोलीतल्या मावशी.

तेव्हा आम्ही कोलशेतला राहायचो, खाडीच्या अगदी काठाला. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. यजमान कारखान्यात टाइमकीपर. पत्र्याच्या चार खोल्यांची ओळ, पुढे मिठागरं आणि त्यापलीकडे चिखल. ओहोटी लागली की तो चिखल असा काही काळा पडायचा की बघवत नसे. पुस्तकातला किनारा मला कुठे वेगळा शोधावा लागला नाही.

मावशी कोकणातल्या, विधवा. मुलगा रेल्वेत, कल्याणला. आणि एक मुलगी होती, चौदा वर्षांची. एका सकाळी तिच्या हातून लोणच्याची बरणी फुटली. मावशींनी तिला थोबाडीत मारली आणि बोलून गेल्या, "तोंड दाखवू नकोस परत." पोर तशीच धक्क्यावर गेली, होडीत बसली. पलीकडच्या काठाला उतरली एवढं नावाड्यानं सांगितलं. त्यापुढे काही नाही. पोलीस झाले, देवाला कौल लावून झाले. पाच वर्षं झाली होती. मावशी रोज दोन ताटं घासायच्या, एकात जेवायच्या, दुसरं पालथं घालून ठेवायच्या. "तिचं ते," म्हणायच्या. कुणी त्यावर बोलत नसे.

दुपारी जेवणं आटोपली की मावशी हातपाय धुऊन यायच्या, पदर नीट करून बसायच्या. मी सांगून थकले, "अहो मावशी, ही पोथी नव्हे, खुनाची गोष्ट आहे." त्या म्हणायच्या, "छापलेली आहे ना गो? मग पोथीच. वाच तू."

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पोथी वाचताना अध्याय मरणावर ठेवत नाहीत. युद्धात कुणी मूर्च्छित पडलं तर ते उठून बसेपर्यंत वाचायचं, मगच पोथी मिटायची. उशीर झाला, दूध उतू गेलं तरी चालेल. मला ते इतकं अंगवळणी पडलेलं की ह्या पुस्तकातही मी तेच करायची. मुलीची ओढणी वाळूत सापडली, की पुढची दोन पानं वाचून कुणीतरी "ती जिवंत असेल" म्हणेपर्यंत थांबायचीच नाही. मावशींना मग जरा हुशारी यायची.

अशात त्यांचा मुलगा आला. त्याला कल्याणला क्वार्टर मिळाली होती.

"आई, चल आता. दोन खोल्या आहेत, दारात नळ आहे."

"आणि ती आली न् दाराला कुलूप दिसलं तर?"

"पाच वर्षं झाली, आई. मी आहे ना समोर? माझ्याकडे कधी बघशील?"

मावशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या पोरीची पोथी संपत आली आहे. त्यातली मुलगी घरी आली तर मी इथंच राहीन. नाही आली तर उचल माझं बोचकं."

तो हसलाच. "अगं, रहस्यकथा आहे ती! त्यात कुणीतरी मेल्याशिवाय लेखकाचं पोट भरत नाही."

"गप रे. तुला काय कळतं पोथीतलं! पुढच्या रविवारी ये."

मला वाटलं, चेष्टा चालली आहे. पण दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या पुस्तकाला हात जोडूनच बसल्या.

शेवट मी आधीच वाचून ठेवला होता, सकाळी वरण शिजेपर्यंत. राहवेना म्हणून. शेवटची अकरा पानं. ती मुलगी पहिल्या दिवसापासूनच मेलेली असते. डॉक्टरानं मारलेलं असतं. उलट्या घातलेल्या होडीखाली वाळूत पुरलेली. आईच्या हातात शेवटी एक बांगडी येते, आणि पुस्तक संपतं.

मी पुस्तक उघडलं. ओळीवर नजर ठेवली आणि तोंडाला येईल ते सांगत गेले. मुलगी दीपगृहातल्या म्हाताऱ्याकडे तापानं पडून होती. बरी झाली. पहिल्या होडीनं आली. मध्येच पान उलटायची, अकरा पानं नेमकी उलटली. मरणावर थांबायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रविवारचं मी मनात आणलंच नाही. आणलं असेल तरी ढकललं.

"आईनं काय विचारलं गो तिला?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. जेवलीस का, एवढंच."

मावशी रडल्या. "बरोबर. मीपण तेवढंच विचारीन."

रविवारी मुलगा टांगा घेऊन आला. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मुलगी आली रे. तू जा." तो माझ्याकडे वळला. "वहिनी, खरंच असं लिहिलंय पुस्तकात?"

"हो," मी म्हटलं.

टांगा रिकामा परत गेला. चाकं चिखलात रुतली होती, तो उतरून स्वतः ढकलत होता, ते अजून दिसतं मला.

तो पुन्हा आला नाही. कल्याण म्हणजे काय लांब! पण नाही आला. मावशी रोज दुपारी धक्क्यावर जाऊन बसायला लागल्या. मी बोलावलं तर म्हणायच्या, "वाचून झालं ना सगळं? आता काय ऐकायचं राहिलंय?" दोनदा मी खरं सांगायला म्हणून गेले. दोन्ही वेळा त्या होडीतून उतरणाऱ्या बायकांची तोंडं बघत होत्या. मी परत आले.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात ताप आला आणि चार दिवसांत गेल्या. यजमान कल्याणला निरोप घेऊन गेले. मुलगा आला, खाडीकाठी सगळं झालं. नंतर तो खोली आवरत होता तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. पुस्तकातली मुलगी आली नव्हती. ते मी मनानं घातलं होतं.

मला वाटलं, ओरडेल. शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो खाली बसला. म्हणाला, "तीन वर्षं मी आलो नाही, वहिनी. मला वाटलं, तिला मी नकोच आहे."

बाहेर ओहोटी लागली होती. त्यानं उठून फळीवरची भांडी काढली. पालथं ठेवलेलं ताट उचललं. लख्ख होतं, त्याच आठवड्यात घासलेलं असणार.

"दोन ताटं? एकटी तर होती." ताट उलटसुलट करून बघितलं. "हे माझं असेल ना, वहिनी?"

मी नुकतीच खरं बोलून बसले होते. आता जीभ उचलेना. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यानं ते ताट सदऱ्याच्या टोकानं पुसलं, मुळात स्वच्छच होतं, आणि बोचक्यात सगळ्यात वर ठेवलं.